गडगा आणि विषाचा पेला

मी जात्याच संशयी. दूध पातळ लागलं की सगळ्यांना गवळ्याचा संशय येतो, मला गाईचाही येतो. आई म्हणायची, "ही बया प्रसादाचा पेढासुद्धा वास घेऊन खाते." हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी कोणाकोणावर संशय घेतला त्याची यादी लांबलचक आहे, आणि ज्या एका ठिकाणी घ्यायला हवा होता तिथं मात्र घेतला नाही.

दुसरी खोड बोलण्याची. घरात आणि शाळेत मी तोलूनमापून बोलते. पण प्रवासात शेजारी परका माणूस असला की माझं तोंड सुटतं. तो पुन्हा कुठला भेटायला, असं वाटतं. या दोन खोडी एकाच बाईत असणं वाईट, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मोशीच्या शिवारात, इंद्रायणीच्या अंगाला, एक वस्ती होती. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी मास्तरीण होते. भोसरी तेव्हा नुसतं खेडं होतं. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या चिमणीच्या गोष्टी आमच्या वस्तीवर लोक रामायणासारख्या ऐकत. मी मूळची कोकणातली. वडील गेल्यावर पुण्याला येऊन ट्रेनिंग केलं आणि ही नोकरी मिळाली. गावी आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि त्यांची चूल माझ्या मनिऑर्डरीवर पेटायची. नोकरी गेली असती तर त्या तिघी कुठं गेल्या असत्या, याचा विचार मी तेव्हाही पुरता करू शकत नव्हते.

कोकणी हेल मी पुण्यातच घासून काढला होता. ट्रेनिंगच्या मुली हसायच्या म्हणून. तरी एखादा शब्द चुकून निसटायचाच.

शाळेतले दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. ते तिथलेच, पन्नाशीचे, धोतर-कोट-टोपीतले. शाळेला लागूनच त्यांच्या घरचं शेत होतं. शाळेच्या आवारात त्यांनी कडुनिंबाची आणि चिंचेची रोपं लावली होती, ती शेळ्या खायच्या. म्हणून त्यांनी हिवाळ्यात वरच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावलं. रोज शेवटच्या तासाला मुलं ओढ्यातले दगड आणायची आणि गुरुजी ते स्वतःच्या हातानं रचायचे. आवाराच्या चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत उभी राहिली. त्यातली एक बाजू गुरुजींच्या शेताच्या हद्दीला लागून होती. मला ते खुपलं. उघड काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, शाळेची रोपं वाचली आणि यांचं शेतही वाचलं, गंमतच आहे.

उन्हाळा तोंडावर आला आणि चिंचवडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. ते साप्ताहिक चार पानी होतं. त्याचे संपादक, छापणारे आणि वाटणारे एकच गृहस्थ. आमच्या वस्तीवर त्याचा एक अंक यायचा आणि तो फाटेपर्यंत फिरायचा. पत्राच्या वर लिहिलं होतं, निघोज्याच्या एका गरीब शेतकऱ्याची कैफियत. खाली अंगठ्याची निशाणी. मजकूर असा, की आमी अडानी मानसं, पोरगं शिकावं म्हनून मोशीकडच्या साळंत धाडलं, तर गुरुजी त्याच्याकडून आपल्या शेताचा गडगा घालून घेत्यात, पोराच्या हाताला फोड आलं, आमी कुनाकडं बघावं.

आठ दिवसांत स्कूल बोर्डाचा कागद आला. चौकशी होईपर्यंत गुरुजींनी शाळेत येऊ नये, शाळेचा कारभार बाईंनी पाहावा. बाई म्हणजे मी. गुरुजींनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि ते घरी गेले. तीस वर्षं शिकवत आलेला माणूस, आता दिवसभर शेताच्या कडेला बसून शाळेची घंटा ऐकायचा. मला त्यांची दया आली. पण खरं सांगते, त्यातही मनात आलंच, की काही नसताना कोण उगाच लिहील?

मी एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहत होते. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान मोठे तिखट. तिनं मला ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाई, ह्ये गडगा म्हंजी काय?"

"बांध. म्हणजे दगडाची भिंत, शेताच्या कडेची."

"मंग बांध का न्हाई म्हनला? ताल म्हनला असता, कूड म्हनला असता. निघोज्याला माझी बहीण दिलीया, तिथं कुनी गडगा म्हनत न्हाई." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी म्हनता. त्या दिशी भिंतीवर इच्चू निघाला तवा तुमी म्हनला व्हता, गडग्यात इच्चू हाय."

तिचं खरं होतं. गडगा हा आमचा कोकणचा शब्द, जांभ्याच्या नाहीतर काळ्या दगडाच्या बिनचुन्याच्या कुंपणाचा. या काळ्या मातीच्या मुलखात तो कोणाच्या तोंडी नव्हता. आणि त्या सबंध शिवारात कोकणातलं माणूस एकच होतं, जे आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलं होतं.

म्हातारी वाईट नव्हती, पण तिच्या पोटात काही राहत नसे. दोन दिवसांत वस्तीभर झालं, की पत्र बाईनंच लिहिलं, खुर्चीसाठी. पलीकडच्या घरातून रोज ताक यायचं, ते थांबलं. पाण्याला गेले की विहिरीवरच्या बायका गप्प व्हायच्या. एक दिवस फळ्यावर कोणी तरी मोठ्या अक्षरात गडगा असं लिहून ठेवलं होतं, आणि सगळा वर्ग खाली मान घालून पाटीवर काही तरी खरडत होता. गुरुजी रस्त्यात भेटले तर तोंड फिरवायचे. मी मनात म्हणायचे, फिरवा, फिरवा, आजवर मी तुमच्याकडं पाहत होते तसंच तुम्ही आता माझ्याकडं पाहताय. पण घरी आल्यावर रडायचे.

त्यात शाळा तपासणाऱ्या साहेबांची चिठ्ठी आली. त्यांना तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. चौकशीला मी स्वतः येतोय, गुरुजींनी आणि बाईंनी हजर राहावं, संपादकांनाही बोलावलं आहे. गावात चर्चा अशी, की गुरुजी परत येतील आणि बाईला घरी पाठवतील. मी आईला पत्र लिहायला बसले आणि दोन ओळींच्या पुढं लिहिता येईना.

मग मात्र मी पदर खोचला. पत्र मी लिहिलेलं नव्हतं, तेव्हा दुसऱ्या कोणी तरी लिहिलेलं होतं. पोस्टमनवर संशय घेऊन झाला. फाट्यावरच्या चहावाल्यावर घेऊन झाला. निघोज्याहून आमच्या शाळेत चार मुलं यायची, त्यांच्या चारही घरी मी उन्हातान्हात चालत गेले. चौघांचेही बाप एकच बोलले, आमी न्हाई. त्यातला एक तर चिडला. म्हणाला, "आमी अंगठा देतो तो तलाठ्याला. प्येपरवाल्याला कशापायी देऊ?"

म्हणजे तो शेतकरी नव्हताच. मग राहिला संपादक.

एका रविवारी भोसरीवरून नाशिक फाट्याला उतरून, दुसरी गाडी धरून मी चिंचवडला गेले. नदीकडच्या बोळात पत्र्याच्या खोलीत त्यांचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे म्हणजे खिळ्यांचे खण ठेवलेले दोन लाकडी घोडे आणि बाकी सगळी रद्दी. संपादक स्वतःच खिळे जुळवत होते. बंडी, शाई लागलेलं धोतर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. चाळिशीच्या आसपासचे. आवाज मात्र भारदस्त, प्रत्येक शब्द पुणेरी आणि धुतलेला.

मी सांगितलं, की मोशीकडच्या शाळेतून आलेय. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. "आपण पूर्वी कुठं भेटलोय का?"

"नाही," मी तोडून टाकलं. परक्या पुरुषांचं हे वाक्य मला माहीत होतं.

ट्रेनिंगला असताना आमचे एक सर एका ग्रीक म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स नावाच्या शहरात होऊन गेलेला तत्त्वज्ञ. तो बाजारात उभा राहून भल्याभल्यांना प्रश्न विचारायचा. मला काही ठाऊक नाही, तुम्ही शहाणे, तुम्हीच सांगा, असं म्हणत समोरच्याला त्याच्याच उत्तरात अडकवायचा. शेवटी लोकांनी त्याच्यावर खटला भरला आणि त्याला विष प्यायला लावलं. मी तोच डाव खेळायचं ठरवून आले होते.

"तुमच्या पत्रात गडगा म्हणून शब्द आहे," मी म्हटलं. "मुलं अर्थ विचारतात. मला काही सांगता येईना. तो काय असतो हो?"

ते पुन्हा माझ्याकडं पाहू लागले, जरा चमत्कारिकच. मग हातातला खिळा खाली ठेवून म्हणाले, "गडगा म्हणजे दगडावर दगड. मध्ये माती नाही, चुना नाही. नुसत्या भरवशावर उभा."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. माझे वडील पावसाळ्याआधी आमचा गडगा नीट करताना असंच म्हणायचे, याच शब्दांत. पुण्यामुंबईचा माणूस हे बोलणं शक्य नाही. हा कोकणातला आहे, मी मनाशी पक्कं केलं, आणि माझ्यासारखाच हेल घासून पुणेरी होऊन बसलाय. लबाडाला खोटा शेतकरी उभा करता आला, पण त्याच्या तोंडी घातलेला शब्द घरचा निघाला. मी त्यांचा चहासुद्धा घेतला नाही. परतीच्या गाडीत कधी नव्हे ते एक शब्द न बोलता बसले, इतकी खूश होते.

चौकशीच्या आदल्या आठवड्याचा अंक आला. पहिल्या पानावर अग्रलेख होता, विषाचा पेला या नावाचा. त्यात तोच ग्रीक म्हातारा. संपादकांनी लिहिलं होतं, की सत्तेला प्रश्न विचारणाऱ्याला जग पेलाच देतं, तेव्हाही दिला, आजही देतंय, आणि मी तो हसत ओठाला लावायला मोशीला येतोय.

म्हातारीला मी तो वाचून दाखवला. तिनं विचारलं, "ह्यो म्हातारा कुठल्या गावचा?"

"अथेन्सचा."

"आळंदीच्या पल्याड का?"

"खूप पल्याड. समुद्रापलीकडं."

तिनं जरा विचार केला. "आन् त्यानं खरंच इष पिलं?"

"हो."

"मंग ह्येनं काय पिलं? च्या."

मला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एकत्र हसलो. पण ती जे सहज बोलली ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, आणि हे गृहस्थ दुसऱ्याची पत्रंसुद्धा स्वतः लिहितात. तो म्हणायचा मला काही ठाऊक नाही, आणि यांना निघोज्याच्या न जन्मलेल्या शेतकऱ्याच्या पोराचे फोडही ठाऊक. तो न्यायसभेत म्हणाला होता म्हणे, की मला कचेरीची भाषा येत नाही, मी बाजारात बोलतो तसाच बोलणार. यांनी उलट बाजाराची भाषा उसनी आणून छापली. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण ग्रीक कांदे सोलणारा हा पहिलाच.

चौकशी शाळेतच झाली. दिपोटी माझ्या खुर्चीवर बसले. गुरुजी भिंतीशी उभे. दारात, खिडकीत, आवारात सगळं गाव, आणि निघोज्याचे चारही बाप. दिपोटींनी संपादकांना विचारलं, की शेतकऱ्याला का आणलं नाही. त्यावर संपादक बोलायला उभे राहिले ते अर्धा तास बोलले. कसं बोलले म्हणून सांगू. गरिबाचं नाव फोडलं तर गाव त्याला जगू देईल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग तो पेला, तो तुरुंग, पळून जायची सोय असूनही न पळालेला तो म्हातारा. मीही यायचं टाळू शकलो असतो, ते म्हणाले, पण आलो. दिपोटींची लेखणी थांबली होती. मला दिसत होतं, की वारं फिरतंय, आणि शेतकऱ्याचं नाव झाकलेलंच राहिलं तर ते गुरुजींच्या अंगावरून माझ्या अंगावर येणार.

मी उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "त्या ग्रीक म्हाताऱ्यानं न्यायसभेत आणखी एक गोष्ट केली होती, ती यांनी अग्रलेखात घातली नाही. तो म्हणाला, माझ्यामुळं कोणाचं पोर बिघडलं असेल तर तो इथंच बसलेला आहे, त्याचा बाप बसलेला आहे, त्याला बोलवा आणि विचारा. निघोज्याहून आमच्याकडं चारच मुलं येतात. त्यांचे चारही बाप इथं बसलेत. यांचा शेतकरी त्यातला कोणता?"

संपादकांनी चौघांकडं पाहिलं. चौघांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"यातला कोणी नाही," ते म्हणाले.

"मग कोण?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "पत्र मी लिहिलं. गोष्ट कानावर आली होती. लोक नुसत्या बातमीला हलत नाहीत, म्हणून माणूस मी उभा केला."

मग जो गलका झाला तो विचारू नका. निघोज्याचा तो चिडका बाप पुढं सरसावला, त्याला दोघांनी धरलं. दिपोटींनी आवाराचा नकाशा मागवला. भिंत चारी बाजूंनी शाळेच्याच जागेत होती, हद्दीपासून हातभर आतच. गुरुजींनी शेताच्या बाजूनं मुद्दाम जागा सोडली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून. ते मलाही तेव्हाच कळलं, आणि मी मान खाली घातली.

पण माझं शुक्लकाष्ठ संपलं नव्हतं. दिपोटींनी चाळशी काढून पुसली आणि विचारलं, "तो गडगा शब्द कोकणातला आहे म्हणतात. आणि बाई कोकणातल्या."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी याच क्षणासाठी तयारी केली होती. "हेही कोकणातले आहेत," मी संपादकांकडं बोट केलं. "मला त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला, अगदी आमच्याकडं सांगतात तसा. विचारा त्यांना."

"मी कोकणात अजून पाऊल ठेवलेलं नाही," संपादक म्हणाले. "आमच्या पिढ्या पुण्यात गेल्या. शब्द मी ऐकला. मला वाटलं, इथलाच असेल."

"कोणाकडून ऐकला?" दिपोटींनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. छापखान्यात पाहिलं होतं तसंच. मला वाटलं, आता हा माणूस सूड म्हणून काहीही बोलेल.

"ते सांगणार नाही," ते म्हणाले.

लोक हसायला लागले. मागून कोणी तरी म्हणालं, "आता ह्यो शब्द बी ह्येच्याच पोटातला." दिपोटीही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "एवढं तरी सांगा, या बाईंनी तुम्हाला काही लिहून पाठवलं का?"

"नाही. या बाईंनी मला एक ओळही लिहिलेली नाही."

दिपोटींनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी, गुरुजींची आणि संपादकांची सही घेतली. गुरुजींना तिथल्या तिथं शाळेच्या किल्ल्या परत मिळाल्या. माझ्या जिवात जीव आला. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या, म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गावभर सांगायला निघाली, की आमच्या बाईनं प्येपरवाल्याचं पितळ उघडं पाडलं.

मी पाय मोकळे करायला म्हणून फाट्यापर्यंत गेले. तिथं लिंबाखाली संपादक एकटेच गाडीची वाट पाहत उभे होते. चहावाल्यानं त्यांना चहा दिला नव्हता. मला वळायचं होतं, पण त्यांनी आवाज दिला.

"बाई, हिवाळ्यात एकदा चाकणच्या बाजाराहून येणारी गाडी चिंबळीपाशी बंद पडली होती. रेडिएटरला पाणी आणीपर्यंत सगळे खाली उतरले होते. आठवतं?"

मला आठवलं. म्हणजे आधी ऊन आठवलं, मग बाभळीची सावली, मग माझी बाजाराची पिशवी, आणि मग टोपी-जाकिटातले एक गृहस्थ, ज्यांनी विचारलं होतं, तुमची शाळा कशी आहे. आणि माझं तोंड सुटलं होतं. मी म्हटलं होतं, आमचे गुरुजी मुलांकडून गडगा घालून घेतात. गडगा म्हणजे काय, त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मीच सांगितलं होतं, दगडावर दगड, मध्ये माती नाही, चुना नाही, नुसत्या भरवशावर उभा. आणि वर हेही म्हटलं होतं, की शाळेसाठी म्हणतात खरं, पण पलीकडं त्यांचंच शेत आहे, कोणासाठी घालतात ते देवाला ठाऊक.

"मला वाटलं, शाळामास्तरीण म्हणजे इथलीच," ते म्हणाले. "आणि शब्द किती छान होता. शेतकऱ्याच्या तोंडी शोभेल असा."

"तुम्ही आत का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुमची नोकरी गेली असती. माझी पत तर गेलेलीच होती."

गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि मागं वळून पाहिलं नाही. मी तिथंच उभी राहिले. शाळा हाकेच्या अंतरावर होती. दिपोटींची जीप अजून आवारात होती, ड्रायव्हर बॉनेटवर रेलून विडी ओढत होता. मला चार पावलं चालत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले, जीप धुरळा उडवत माझ्यासमोरून गेली, आणि दिपोटींनी आतून हात केला तेव्हा मी नमस्कार केला.

ते साप्ताहिक दोन महिन्यांत बंद पडलं. अंकांचे गठ्ठे न सोडता परत जायचे असं ऐकलं. पुढं कोणी सांगितलं, की ते पुण्यात कुठल्याशा छापखान्यात मुद्रितं तपासतात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतात. त्यांनी खोटं लिहिलं, एका भल्या माणसाला उंबऱ्याबाहेर बसवलं, त्याचं मी आजही समर्थन करणार नाही. त्या ग्रीक म्हाताऱ्याशी त्यांची बरोबरी करणं म्हणजे थट्टाच. पण पुढची पंचवीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा धडा मुलांना शिकवत आले, आणि दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, बाई, त्याच्यावर आळ कोणी घेतला? तीन माणसांनी, मी सांगायचे. त्यांचं पुढं काय झालं, असं कोणी विचारलं की मी पुस्तक मिटून शुद्धलेखन घालायचे.

मला सगळ्यात जास्त आठवते ती चौकशीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी शाळेत गेले तर गुरुजी माझ्या आधी येऊन बसले होते. मला पाहताच उठून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, टोपी काढून हातात घेतलेली. त्यांचे डोळे भरले होते.

"बाई," ते म्हणाले, "मी तुमच्यावर संशय घेतला. दिपोटींना तुमचं नाव मीच कळवलं होतं. लेकीसारख्या तुम्ही, माझ्यासाठी भर सभेत उभ्या राहिलात, आणि मी असा. मला माफ करा."

खिडकीतून ती भिंत दिसत होती. तिच्यावर एक शेळी पुढचे पाय टेकून आत वाकून पाहत होती.

"असू द्या, गुरुजी," मी म्हटलं. "होतं असं माणसाकडून."